आबाचं घड्याळ आणि सोळावा कावळा

पैज म्हशीवर लागली. म्हैस सोमेश्वरची. जो हरंल त्यानं बाजाराच्या दिवशी, भर अकरा वाजता, तिला ग्रामपंचायतीसमोर उभी करायची, चंदनाच्या साबणानं आंघोळ घालायची, अंग पुसून पावडर लावायची, आणि सगळं व्हईपर्यंत तिच्याशी अहो-जाहो करून बोलायचं. अहो-जाहोची अट मी स्वतः घातली. मी काय हरणार न्हवतो, मंग अट घालायला आपलं काय जातंय?

कुंभार पिंपळगावात बाजाराच्या रस्त्याला सोमेश्वरचं बियाण्याचं दुकान, आणि त्याला खेटून माझं. मी जळालेल्या मोटारी भरतो. विहिरीची मोटार जळाली की लोक माझ्याकडं आणतात, मी आतली काळी पडलेली तार काढतो, नवी तांब्याची गुंडाळतो, आणि तेवढ्या वेळात गिऱ्हाईकाला एखादी थाप मारून घरी पाठवतो. मोटारीचे पैसे लागतात, थाप फुकट.

विषय निघाला रायभानआबाच्या घड्याळावरून. आबा आमच्या पाठीमागच्या गल्लीतले. तीन दिवसांखाली गेले. त्र्याण्णव वर्षं, ना दुखणं ना खुपणं, चहा पिऊन आडवे झाले आणि उठलेच न्हाईत. असं मरण मागून मिळत न्हाई.

सोमेश्वर म्हणला, "दहाव्याला बघ तू. धर्मराजनं नुसतं 'आबा, घड्याळ मी घालीन' म्हणलं की कावळा झडप घालणार."

धर्मराज म्हणजे आबाचा नातू. जालन्याला एमआयडीसीत सळयांच्या मिलमधी सुपरवायझर हाय.

मी म्हणलं, "बिलकुल न्हाई. इंद्रायणीचं नाव घेतल्याबिगर कावळा पिंडाकडं बघणारबी न्हाई."

"नातीला? अन् बाप्याचं घड्याळ?"

"घड्याळाला मिशा असतात का रे?"

"लाव मंग पैज."

"लावली. म्हशीवर."

आतून पुष्पावहिनीचा आवाज आला. सोमेश्वरची बायको. गल्लीत सुई पडली तरी तिच्या कानातून सुटत न्हाई. "भाऊजी, एक अट माझी. कावळ्याच्या वाटेला कुणी जायचं न्हाई. जो जाईल तो हरला. तुमच्याकडं बघून बोलून राह्यले."

"वहिनी, कावळ्याची वाट आभाळातून. मी तिकडं कशाला जाऊ?"

"तुम्ही आभाळालाबी टोपी घालता."

मी हसलो आणि हातावर हात मारला.

आता घड्याळाचं सांगतो. चावीचं हाय, विलायती. तबकडी कधीकाळी पांढरी व्हती, आता दुधाच्या सायीसारखी झाली. कंपनीचं नाव झिजून गेलं. खालच्या अंगाला सेकंदाचा बारका काटा, मुंगीसारखा गोल फिरतो. ते आबाकडं कुठून आलं, हे आबानं दर माणसाला निराळं सांगितलं व्हतं. मला म्हणले, निजामाच्या तहसीलदारानं खूश होऊन दिलं. सोमेश्वरला म्हणले, हैदराबादेत कुस्ती मारली. शाळेच्या मास्तरला सांगितलं, नदीत बुडणाऱ्या शेठला काढलं. थापा मारायचं माझं शिक्षण आबाच्याच वट्ट्यावर झालंय, उगाच न्हाई.

इंद्रायणी म्हणजे आबाची नात, धर्मराजची धाकटी बहीण. चोवीस वर्षांची. पोलीस भरतीची तयारी करून राह्यली. मागच्या खेपेला आठशे मीटरमधी तीन सेकंदांनी हुकली. तवापासून रोज सकाळी ती शाळेच्या मैदानावर पळायची आणि आबा निंबाखाली खुर्ची टाकून, घड्याळ डोळ्याजवळ धरून टाइम लावायचे. आबा लबाड. पोरगी जेवढ्यात यायची त्याच्यावर पाच सेकंद चढवून सांगायचे, म्हणजे दुसऱ्या दिवशी अजून जोरात पळंल. इंद्रायणीला ते बराबर माहीत व्हतं. तिला माहीत हाय, हे आबाला माहीत न्हवतं. दोघंबी खूश.

आबाच्या बोटांतला जोर सहा वर्षांपूर्वीच गेल्ता. चावी फिरायची न्हाई. मंग रोज सकाळी इंद्रायणीच चावी द्यायची. बावीस फेरे. तेविसावा दिला की आबा ओरडायचे.

आणि गेल्या महिन्यात, मैदानावर, माझ्यासमोर, आबा तिला म्हणले, "इंद्रे, माझ्यामागं हे तुझं. वर्दीवर घाल."

ऐकणारा मी एकटा. इथंच सगळा घोळ.

आबा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी माऊलीअण्णाकडं गेल्तो. माऊलीअण्णा आबाचा थोरला, धर्मराजचा बाप, साठीचा सरळ माणूस. मी म्हणलं, "अण्णा, आबानं घड्याळ इंद्रायणीला दिलंय. मी ह्या कानानं ऐकलंय."

अण्णांनी माझ्यापुढं हात जोडले. मंग म्हणले, "पर्म्या, घरात सुतक हाय. आज तरी थापा मारू नको."

"आबाची शपथ!"

"म्हशीच्या टायमालाबी तू शपथच घेतल्ती."

म्हशीचं असं की, दोन वर्षांखाली मी गावात सोडून दिलं, जनावरांचं आधार कार्ड निघून राह्यलंय, कान धुऊन दवाखान्यात आणा, फोटो कानाचा घेतात. एक्केचाळीस लोक कान धुतलेल्या म्हशी घेऊन गेले. डॉक्टर मागच्या दारानं पळाले. माऊलीअण्णा लायनीत पहिले व्हते.

मंग अण्णाला दोष कसा देणार? त्यांनी घड्याळ कपाटात कुलूप लावून ठेवलं. म्हणले, दहाव्यानंतर धर्मराजला देऊ, महिन्यानं त्याचा साखरपुडा हाय, आबाचं घड्याळ घालून बसंल. धर्मराजबी काय वाईट पोरगं न्हाई. आबावर त्याचा जीव व्हता. पण त्याला चावी कशी देतात हे माहीत न्हाई आणि माहीत करून घ्यायची जरूर वाटली न्हाई. म्हणला, "बंद असलं तरी चालतंय काका, फोटोत कुठं टिकटिक येते?"

इंद्रायणी मला हपशावर भेटली. डोळे सुजलेले. मी म्हणलं, "तू सांग ना अण्णाला, आबा काय बोलले ते."

"आबा जाऊन चार दिवस न्हाई झाले काका, आणि मी वस्तू मागू? लोक काय म्हणतील?"

"मैदानावर जातीस का?"

"गेल्ते काल. पळाले. पण थांबल्यावर कुणाकडं बघावं तेच कळंना."

कळशी उचलून ती निघून गेली. मी तिथंच ठरवलं. गावात माझ्यापेक्षा कावळ्याच्या शब्दाला किंमत जास्त हाय. मंग कावळ्यालाच बोलायला लावू.

रीत तुम्हाला माहीत हाय. दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवतात. कावळा शिवला तर ठीक, न्हाई शिवला तर गेलेल्याच्या मनात काहीतरी अडकलंय. मंग घरचे एकेकजण हात जोडून कबुली देतात, तुमची म्हैस विकणार न्हाई, तुमच्या धाकट्याला सांभाळू. ज्या कबुलीला कावळा येईल ती शेवटची इच्छा. तिच्यावर अपील न्हाई. तहसील, कोर्ट, कुठंच न्हाई.

चौथ्या दिवसापासून मी पहाटे उठून ओढ्याला जायला लागलो. खिशात लाल शेव. निंबाच्या झाडाखाली, जिथं पिंड ठेवतात बराबर तिथं उभा राह्यचो आणि शेव टाकायचो. पहिल्या दिवशी दोन कावळे आले, लांबूनच बघून गेले. दुसऱ्या दिवशी पाच. कावळा हे लई हुशार जनावर. माणसाचं तोंड ओळखतो, चाल ओळखतो. नवव्या दिवशी मी ओढ्याच्या अलीकडं दिसलो की पलीकडच्या निंबावरून सोळाच्या सोळा खाली. मोजले मी. सोळावा एक पाय वाकडा असलेला म्हातारा व्हता, तो सगळ्यात शेवटी यायचा, शेव खायचा न्हाई, नुसता तपासून जायचा.

बायको म्हणली, "डब्यातली शेव कुठं चाललीय?" माझी बायको दैवशाला. हिशोबाला कडक.

"डॉक्टरनं फिरायला सांगितलंय."

"मी शेवीचं विचारून राह्यले."

"फिरून आल्यावर भूक लागते ना."

माझा बेत असा. दहाव्याला मी लांब, टेम्पोच्या आड राह्यणार. धर्मराजनं कबुली दिली तरी कावळा येणार न्हाई, कारण मी न्हाई. सगळे दमले, उन्हं तापली, की मी हळूच पुढं येऊन म्हणणार, "अण्णा, इंद्रायणीचं नाव तर घेऊन बघा." आणि पिंडाजवळ जाऊन उभा राह्यणार. मला बघून सोळा कावळे खाली. अण्णा खूश, आबा खूश, इंद्रायणीला घड्याळ, सोमेश्वरला म्हैस. एका शेवीत चार पक्षी.

दहावा उजाडला. सगळी भावकी ओढ्याला. बायाबी आल्या व्हत्या. आबाची बायको तुळजाबाई, सत्त्याऐंशीची, प्लास्टिकच्या खुर्चीत मधोमध. तिला ऐकू कमी येतं, म्हणून कुणी तिच्याशी जास्त बोलत न्हाई. कुणी पाणी दिलं की प्यायची, कुणी पदर सावरला की सावरू द्यायची. मी डोक्यावरून टावेल घेतला, अर्धं तोंड झाकलं आणि टेम्पोच्या मागं उभा राह्यलो.

गुरुजींनी पिंड ठेवले. भात, वरून दही. सगळे मागं सरकले. आभाळ मोकळं. एक कावळा न्हाई.

माऊलीअण्णा हात जोडून पुढं झाले. "आबा, शेताचं भांडण करणार न्हाई. भावाभावात बोलणं ठेवीन."

काईच न्हाई.

"आबा, आईला नीट बघीन."

काईच न्हाई. गुरुजींनी मोबाइलमधी टाइम बघितला. त्यांना दुसऱ्या गावाला जायचं व्हतं.

मंग धर्मराज. "आबा, तुमचं घड्याळ मी घालीन. जपीन. कुणाला देणार न्हाई."

सोमेश्वर मान उंच करून आभाळात बघून राह्यला. कावळा काय, चिमणीबी न्हाई. पाच मिनिटं गेली, दहा गेली. सोमेश्वरची मान खाली आली. मला टेम्पोच्या मागं गुदगुल्या व्हऊन राह्यल्या.

म्हणलं, आता. टावेल काढला, खांद्यावर टाकला आणि ऐटीत पुढं निघालो. "अण्णा, एक डाव इंद्रायणीचं—"

पुढचं तोंडातच राह्यलं. पिंडापासून मी अजून पन्नास पावलं लांब व्हतो. कावळ्यांना काय त्याचं? त्यांना पिंडाची जागा माहीत न्हवतीच. त्यांना मी माहीत व्हतो. पहिला येऊन थेट माझ्या पायाशी बसला. दुसरा खांद्यावर. मंग भराभर, काव काव करत, सगळी फलटण. एकजण माझ्या खिशात चोच घालून ओढायला लागला. पिंड तिकडं एकटे पडलेले, त्यांच्याकडं कुणी ढुंकून बघंना.

ओढ्यावरच्या सगळ्या माना माझ्याकडं वळल्या.

मंग सोमेश्वर ओरडला, "अरे, पर्म्याला शिवला!"

गर्दीतून कुणीतरी विचारलं, "पर्म्या जित्ता हाय ना?"

गुरुजी म्हणले, "चाळीस वर्षं झाली, असं पाह्यलं न्हाई. ह्यांची काही इच्छा अडकली व्हय?"

"माझी शेव!" ही दैवशाला. बायांतून ती तरातरा पुढं आली आणि माझ्या खिशातून सांडलेली शेव बोटानं दाखवली. "बघा, बघा! सहा दिवस फिरायला जाऊन राह्यलो म्हणं! डॉक्टरनं सांगितलं म्हणं! कावळे पाळून राह्यलाय हा माणूस!"

आता आपलं डोकं जल्दी चालतं, थाप तोंडात तयार असते. पण एक कावळा कानाजवळ ओरडून राह्यला असताना माणसाला काय सुचणार? मी म्हणलं, "अण्णा, आबा खरंच बोलले व्हते. तुम्ही ऐकलं न्हाई, म्हणून मी—"

"माझ्या बापाच्या पिंडाशी मस्करी?" माऊलीअण्णा ओरडले. त्या माणसाला एवढं चिडलेलं मी कधी पाह्यलं न्हवतं. म्हशीच्या टायमालाबी न्हाई.

इंद्रायणी माझ्यासमोर आली. मला वाटलं ही तरी हसंल. ती म्हणली, "काका, मला घड्याळ पायजे. लई पायजे. पण असं न्हाई. आता अण्णांनी दिलं तरी लोक म्हणतील, शेव खाऊ घालून घेतलं."

सत्तेचाळीस वर्षांत मी लई शिव्या खाल्ल्या, सगळ्या पचल्या. ही पोरगी हळू बोलली ते पचलं न्हाई.

गुरुजींनी हात केला. "तुम्ही आधी ओढ्याच्या पलीकडं जा. तुम्ही हाय तोवर हे पाखरू तिकडं जाणार न्हाई."

मी पाण्यातून पलीकडं गेलो. कावळे माझ्यामागं. वरात निघाली जशी. पलीकडच्या काठावर जाऊन मी दगडावर बसलो, खिसे उलटे केले, हात झाडले. ते गोल करून बसले. ओढा काय फार रुंद न्हाई, इकडचं तिकडं सगळं ऐकू येतं.

माऊलीअण्णा गुरुजींना म्हणले, "दर्भाचा कावळा करा आणि लावा. बास झालं." मंग खिशातून घड्याळ काढलं. "आणि हा विषयबी इथंच संपवू. धर्मराज, घे. हे तुझं."

धर्मराजनं घेतलं. दहा दिवस चावी न्हवती, घड्याळ बंद. चार लोक बघून राह्यलेत म्हणून त्यानं चावी फिरवायला घेतली. मोटारसायकलचा नट आवळावा तशी. इंद्रायणी पाठीमागून म्हणली, "दादा, सावकाश..." तिनं तोंड फिरवलं. मी पलीकडून बघून राह्यलो आणि कावळ्यांना शिव्या देऊन राह्यलो.

तेवढ्यात तुळजाबाई खुर्चीतून म्हणली, "काय चाललंय? जेवले का ते?"

धर्मराज तिच्या कानाशी वाकला आणि ओरडला, "न्हाई आज्जी! घड्याळाचं चाललंय!"

"कुणाच्या घड्याळाचं?"

"आबाच्या!"

"आबाचं कधीपासून झालं ते?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. तुळजाबाईनं हात पुढं केला. "आण इकडं." धर्मराजनं घड्याळ तिच्या हातात ठेवलं. तिनं ते पालथं केलं, अंगठ्यानं पाठ पुसली.

"हे माझ्या बापाचं हाय," ती म्हणली. बहिऱ्या माणसाचा आवाज, सगळ्या ओढ्याला ऐकू गेला. "माझा बाप जालन्याला जिनिंगमधी मुकादम व्हता. ह्या घड्याळावर भोंगा वाजायचा. माझ्या लग्नात हे," तिनं पिंडाकडं बोट केलं, "जेवायच्या ताटावर रुसून बसले. लाडू पुढं, जिलेबी पुढं, हात लावंनात. सगळे हातापाया पडले. मामा आले, मावसा आले. काय पायजे ते सांगंनात. शेवटी म्हणले, सासऱ्याच्या हातातलं घड्याळ पायजे. माझ्या बापानं तिथंच मनगटावरून काढून घातलं. तवा कुठं घास तोंडात गेला. सकाळी माझ्या बापाला कामावर जायला उशीर झाला. जल्मात पहिल्यांदा."

मी दगडावर उठून उभा राह्यलो. निजामाचा तहसीलदार, हैदराबादची कुस्ती, बुडणारा शेठ! आबा, आबा! सत्तर वर्षं गावाला फिरवलं, आणि खरी गोष्ट काय, तर नवरदेव जिलेबीवर रुसला व्हता.

माऊलीअण्णा तिच्या कानाशी म्हणले, "आई, तू कधी बोलली न्हाईस."

"कुणी विचारलं? तुम्ही सगळे त्यांची इच्छा काय, त्यांची इच्छा काय, करून राह्यलात. वस्तू कुणाची, ते कुणी विचारलं न्हाई." मंग तिनं इंद्रायणीला हाक मारली. "इकडं ये. हात कर."

"आज्जी, लोक..."

"लोकांच्या बापाचं हाय का? माझ्या बापाचं हाय. मी माझ्या पोराची पोर बघून देऊन राह्यले. रोज सकाळी चावी कोण देतं, मला काय दिसत न्हाई? कान गेलेत, डोळे हायेत."

तिनं घड्याळ इंद्रायणीच्या मनगटावर ठेवलं. पट्टा मोठा, घड्याळ हातावरून घसरून राह्यलं. इंद्रायणीनं ते दुसऱ्या हातानं धरून ठेवलं, तिला रडू आवरंना. धर्मराजनं तक्रार केली न्हाई. उलट बहिणीला म्हणला, "साखरपुड्याला एक दिवस देशील ना?"

"देईन. पण चावी मी देणार."

तुळजाबाई उठली. कुणाचा हात न धरता पिंडाजवळ गेली, कमरेवर हात ठेवले आणि मेलेल्या नवऱ्याला झापायला लागली.

"काय हो? रुसायची सवय गेली न्हाई अजून? तवाबी ताटावर रुसला, आताबी ताटावर रुसला. तवा घड्याळ घेतलं, आता काय घेणार? घड्याळ पोरीला दिलं मी. तुम्हीबी तेच बोलला व्हता ना तिला? पर्म्या थापाडा हाय, पण ह्या वेळेला खोटं बोलला न्हाई, मला कळतंय. उन्हं चढली. पोरं उपाशी हायेत. जेवा मुकाट्यानं."

आणि बघा. मी पलीकडच्या काठाला. माझ्या पायाशी पंधरा कावळे, शेवीच्या आशेनं. सोळाव्यानं, त्या वाकड्या पायाच्या म्हाताऱ्यानं, माझ्याकडं एकदा बघितलं, पंख झाडले, ओढा ओलांडला, आणि पिंडावर बसून दह्याचा भात खायला लागला. कुणाची घाई न्हाई, कुणाची भीती न्हाई. चांगला पोटभर जेवला.

दहीभाताचा वास आला असंल. शेवीला कंटाळला असंल. मला विचारू नका. मी त्याला काई शिकवलं न्हवतं.

संध्याकाळी इंद्रायणी दुकानात आली. मी तार तापवून पट्ट्याला तीन भोकं पाडून दिली. घड्याळ बराबर बसलं. मी म्हणलं, "पोरी, चुकलो."

"चुकलाच." मंग हसली. "पण काका, सोळा कावळे कसे काय जमवले?"

"शिकवीन कधीतरी. पोलिसात कामाला येईल."

सोमेश्वरच्या कट्ट्यावर निकाल लागला. मी म्हणलं, "इंद्रायणीचं नाव निघालं. कावळा शिवला. मी ओढ्यापलीकडं व्हतो, शंभर लोक साक्षीला. सोमेश्वर, साबण आण."

सोमेश्वर म्हणला, "अरे पण तू कावळे फितवले!"

"फितवलेले पंधरा माझ्यापाशी व्हते. शिवला तो माझा न्हवता."

"पण सहा दिवस तू त्यालाबी शेव टाकली!"

"त्यानं खाल्ली न्हाई!"

पुष्पावहिनी बाहेर आली. हातात चंदनाचा साबण, दुसऱ्या हातात पावडरचा डबा. दोन्ही माझ्यासमोर ठेवले. "भाऊजी, अट काय व्हती? कावळ्याच्या वाटेला जो जाईल तो हरला. वाट कुणाची का असंना, तुम्ही गेला. माणूस बराबर सांगितलं, पण पैज हरला."

मी दैवशालाकडं बघितलं. ती म्हणली, "माझ्याकडं कशाला बघता? शेवीचं अजून निराळं हाय."

बाजाराच्या दिवशी अकरा वाजता ग्रामपंचायतीसमोर उभं राह्यला जागा न्हवती. कानधुतल्या म्हशीवाले एक्केचाळीसच्या एक्केचाळीस आले व्हते, काही तर पोराबाळांना घेऊन. माऊलीअण्णाबी आले. दोन दिवस माझ्याशी बोलले न्हवते. मी पाय धरायला गेलो तर म्हणले, "आधी तिचे धर." आणि पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसले.

सोमेश्वरची म्हैस. तिला गल्लीत सगळे मॅडम म्हणतात, कारण ती कुणासाठी बाजूला व्हत न्हाई. मी बादली उचलली. "नमस्कार मॅडम. पाणी जरा गार हाय, राग मानू नका."

"मोठ्यानं!" मागून कुणीतरी ओरडलं.

"मॅडम, आपण जरा डावीकडं सरकता का?"

मॅडम माझ्या पायावर सरकल्या. सगळा बाजार हसला. मी साबण लावला, फेस काढला, मानेखाली, पोटाखाली, कानामागं. "कान तर आपले दोन वर्षांखालीच स्वच्छ झालेत, मॅडम," म्हणलं, तर माऊलीअण्णाच्या पोटातून हसू फुटलं ते थांबंना. खुर्ची हलायला लागली. तिथं माझं ओझं उतरलं. मंग मला जोरच आला. पाठीवर पावडर लावली, शिंगांना तेल लावलं, ते तर पैजेत बी न्हवतं. तुळजाबाईला धर्मराजनं मोटारसायकलवर बसवून आणलं व्हतं. ती म्हणली, "माझ्या लग्नात एवढं कुणी मला सजवलं न्हवतं."

केळ्याच्या गाड्यावरचे रशीदभाई गर्दीतून ओरडले, "परमेश्वरभाई, हमारे घर में भी दो हैं! जुम्मे को लाऊं क्या?"

"आणा, रशीदभाई! पण साबण तुमचा, पावडर तुमची, आणि बेगमला सांगा, दोघींची नावं आधी कळवायची. मॅडमशी बोलायची सवय लागली, दुसऱ्यांचा अपमान व्हायला नको."

इंद्रायणी हपशावरून बादल्या भरून आणून देत व्हती. सकाळची पळून आलेली, पायात बूट तसेच. सोमेश्वर मॅडमच्या मागं जाऊन बारीक नजरेनं तपासायला लागला. पुष्पावहिनी त्याच्याबी मागून वाकली.

"भाऊजी, शेपटी राह्यली."

"धुतो, वहिनी." मी बाह्या अजून वर केल्या, आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणलं, "मॅडम, शेपटी द्या."

मॅडमनी दिली. सरळ तोंडावर.